‘मागचे दार – उघडे’

३ नोव्हेंबर, सोमवार
शेजारच्या गोडाऊनात वायर जळली. धूर आमच्याकडे आला. पॅकिंगला आम्ही चाळीसजणी. निम्म्या मागच्या दाराकडे धावल्या. दाराला कुलूप. तशाच परत फिरल्या, पुढच्या शटरपाशी रेटारेटी. कुणाला काही झालं नाही. दहा मिनिटांत सगळ्या हसत होत्या, कोण कशी पळाली त्याच्या नकला. भीती गेली की माणूस आधी हसतो, मग डबा उघडतो.
मी डबा उघडला नाही. सेफ्टीच्या रजिस्टरात दर शनिवारी ‘मागचे दार – उघडे’ लिहून खाली सही करणारी सुपरवायझर मीच.

४ नोव्हें., मंगळ.
सावंत मॅनेजरांना विचारलं. चावी त्यांच्या ड्रॉवरमध्ये. दार उघडं ठेवलं की माल जातो म्हणे.
“पण साहेब, आग लागली तर?”
“मी येतो ना उघडायला, ताई.”
साहेब पाचला ठाण्याला निघतात. शिफ्ट आठपर्यंत.
माणूस वाईट नाही. माझ्या ऑपरेशनच्या वेळी दोनदा दवाखान्यात येऊन गेला. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

५ नोव्हें.
यांना सांगितलं. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून यांचे कान गेलेत, त्यामुळे आमच्या घरात गुपित राहत नाही. “खोटी सही केलीस?” एवढ्या मोठ्यांदा की शेजारणीने टीव्हीचा आवाज कमी केला. उद्या ही बातमी आमच्या कामतघरभर.

८ नोव्हें., शनि.
रजिस्टर आलं. हात थांबला. वाटलं, आज लिहिलं नाही तर सोमवारी खुर्ची राहील का. लिहिलं, ‘उघडे’.
जानी खोक्यांना पट्ट्या मारता मारता बघत होती. पाड्यावरून येते, लिहिता-वाचता येत नाही.
“काय लिवलंस गो ताय?”
“दार उघडं आहे असं.”
तिने दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत पट्ट्या मारायला लागली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१२ नोव्हें., बुध.
आज लक्षात आलं, माझं टेबल शटरजवळ सरकलंय. ढकललं मीच, थोडं थोडं करत, रोज. कुणी विचारलं तर ‘उजेड बरा येतो’ हे उत्तरही तयार होतं. म्हणजे आपला जीव वाचवायची तयारी मी स्वतःलाही न सांगता केली. बाकीच्या एकोणचाळीसजणी होत्या तिथेच.
टेबल मागे ओढलं. तेव्हापासून कुठे काही करपल्याचा वास आला की दचकते.

१५ नोव्हें., शनि.
लिहिलं. ‘मागचे दार – बंद. कुलूप. चावी मॅनेजरकडे.’ खाली सही. अक्षर वाकडं आलं.
सावंतांनी वाचलं. आवाज चढवला नाही.
“ताई, ते पान फाडा.”
“पानांवर नंबर आहेत, साहेब.”
“मग सोमवारी शेठ येतायत. त्यांनाच सांगा.”
पंधरा वर्षांत शेठ माझ्याशी एकदाच बोललेत. ‘बाजूला व्हा’ म्हणाले होते.

१६ नोव्हें., रवि.
बाजारात पॅकिंगच्या तिघी भेटल्या. एक म्हणाली, “तुमच्या लिहिण्यावरून शेठनी गोडाऊन बंद केलं तर आम्ही कुठं जायचं?” मी म्हटलं, दार तुमच्यासाठीच... वाक्य पुरं झालं नाही. त्या कोथिंबीर निवडायला लागल्या. काल्हेरला गोडाऊनं इतकी, तरी प्रत्येकीला वाटतं हेच शेवटचं. मलाही वाटतं. धुरात त्या माझ्याबरोबर धावल्या होत्या. माझ्याबरोबर उभं राहणं त्याहून अवघड असणार.

१७ नोव्हें., सोम. जेवणाची सुट्टी
शेठ दहापासून केबिनमध्ये. रजिस्टर आत नेलंय. मला अजून बोलावलं नाही. मागचं कुलूप तसंच.
बायका आज पलीकडे जेवायला बसल्या. फक्त जानी आली, भाकर घेऊन.
“तुला भीती न्हाय वाटत?” मी तिच्याच बोलीत विचारलं.
“वाटते. म्हनून तं तुज्यापाशी बसले.”
केबिनमधून हाक आली. जानी पण उठली. बस म्हटलं, बसत नाहीये. जाते.