दुसऱ्या डोळ्याची चिठ्ठी

बाई, मायक्रोस्कोपला डोळा लावून आयुष्य काढलेल्या आपणा सगळ्यांची तक्रार एकच आहे: आपण जे पाहतो ते दुसऱ्यांदा पाहायला आता कुणी नसतं. सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, आपल्या प्रयोगशाळेत, मी अजून बसते. दोघांनी एकाच वेळी बघायचा आपला मायक्रोस्कोपही आहे. तुमच्या बाजूच्या भिंगांवर टोपणं घालून ठेवली आहेत. गुणसूत्रांच्या जोड्या आता संगणक लावतो. आपण फोटो छापून एकेक गुणसूत्र कात्रीने कापायचो, पुठ्ठ्यावर चिकटवायचो, कपटे उडतील म्हणून पंखा बंद ठेवून घामाने निथळायचो, हे सांगितलं की इथल्या मुली "सो क्यूट, मॅम" म्हणतात आणि परत कानात गाणी घालतात.

तुम्ही गेल्यापासून मी सभांमधून फार बोलते. गर्भ पडला की सगळं घर बाईकडे बोट दाखवतं. तिचं रक्त तपासतात, तिचे उपास वाढवतात आणि नवरा बाहेर स्कूटरवर बसून फोन बघतो. हे मी ओरडून सांगते आणि सांगत राहणार. प्रत्येक भाषणात खडकवासल्याच्या पुढच्या गावातलं ते जोडपं येतं. तिचे तीन गर्भ पडलेले. तिचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा तुम्ही नवऱ्याला बोलावलंत. सोबत त्याची आई. "आमच्या पोराला काय झालंय? धडधाकट हाय. आता हिला माहेरीच धाडायची." तुम्ही वरही न बघता म्हणालात, "अहो, धडधाकट आहे म्हणूनच घेतोय. रक्त पटकन निघतं." तो हसला आणि त्याने हात पुढे केला. सून दाराशी पिशवी घट्ट धरून उभी होती.

चार दिवसांनी त्याच्या रक्तपेशींची स्लाइड माझ्या हातात होती. ट्रिप्सिन या पाचक रसात मोजून काही सेकंद बुडवायची, धुवायची, मग जांभळ्या रंगात घालायची, की प्रत्येक गुणसूत्रावर त्याच्या ठरलेल्या गडद-फिक्या पट्ट्या उमटतात. सेकंद कमी पडले तर पट्ट्याच नाहीत, जास्त झाले तर नुसतं फुगलेलं भूत. मी एका हाताने स्लाइड बुडवून दुसऱ्या हाताने हवेत बोट नाचवत त्या सासूवर बोलत होते. तुमचा आवाज आला, "अहो वक्त्या, तुमचं भाषण होईतो ट्रिप्सिनने पट्ट्या पचवल्या."

तरी तुम्ही ती स्लाइड फेकली नाहीत. तुमचा नियम होता, दोघींनी बघायचं, एकमेकींना न विचारता चिठ्ठीवर लिहायचं आणि मगच बोलायचं. मी लिहिलं, "नॉर्मल." तुम्ही लिहिलंत, "वाचता येत नाही." दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून तुम्ही शांतपणे म्हणालात, "दिसलं नाही तर दिसलं नाही लिही. नॉर्मल म्हणून झाकू नकोस. त्या मुलीचा संसार आहे त्याच्याखाली."

दुसऱ्या दिवशी फ्रिजमधल्या उरलेल्या पेशींच्या नव्या स्लाइड केल्या. सेकंद तुम्ही मोजलेत. आपण समोरासमोर बसलो आहोत, तुम्ही हलवता तो भिंगातला हिरवा बाण माझ्या नजरेसमोर सरकतो आणि थांबतो. चौथ्या गुणसूत्राचा शेंडा अकराव्यावर, अकराव्याचा चौथ्यावर. तुकडे जवळपास सारखेच, म्हणून लांबी बघून काहीच कळलं नसतं. "लुगड्याचा पदर कापून दुसऱ्या लुगड्याला शिवला तर लांबी काय मोजतेस? काठाची नक्षी बघ," तुम्ही म्हणालात. त्याच्याजवळ सगळं होतं, काही हरवलं नव्हतं, म्हणून तो धडधाकट. पण मुलाला त्यातला एखादाच तुकडा गेला तर हिशेब चुकणार आणि गर्भ पडणार. रिपोर्ट तुम्ही सासूसमोरच वाचून दाखवलात. सुनेने पिशवी खाली ठेवली आणि ती पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

सभेत मी सांगते, "आणि मला ती पट्टी दिसली!" टाळ्या पडतात. बाई, मला ती दिसली नव्हती. बाण तुमचा होता. माझी "नॉर्मल" लिहिलेली चिठ्ठी तुम्ही निवृत्त होताना मला परत दिलीत. ती पर्समध्ये आहे आणि मी ती कुणालाही दाखवलेली नाही.

आज पुन्हा एक नवरा आहे, पुन्हा तीन गर्भ. संगणक नॉर्मल म्हणतो. नवव्या गुणसूत्राच्या टोकाशी मला शंका येते, पण माझे डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत. व्यवस्थापक म्हणतो, "मॅडम, दुसरी सही सॉफ्टवेअरचीच धरा ना." मी चिठ्ठीवर "नॉर्मल" लिहिलं आणि खोडलं. खाली लिहिलं, "वाचता येत नाही." पेशी फ्रिजमध्ये आहेत, उद्या नव्या स्लाइड करीन आणि तोंड बंद ठेवून सेकंद मोजीन. हे पत्र कुठेही जाणार नाही, इथेच पुठ्ठ्याखाली राहील. पण तुमच्या बाजूची टोपणं मी काढली आहेत. या, बसा, आणि मला न विचारता तुमची चिठ्ठी लिहा.