बागेतली भाड्याची खुर्ची

पॅरिस, ३ मे १८८२

आज भाड्याच्या खुर्चीवर बसले! मी, मोर्व्हांच्या डोंगरातली फिलिबेर्त! एरवी आम्ही दूध पाजणाऱ्या दायांनी बागेत फुकटच्या बाकड्यावर बसायचं, खुर्च्या मालकिणींच्या. पण बाईसाहेबांनी चित्रासाठी बोलावलेले चित्रकार गॅरिदेल म्हणाले, "खुर्चीचे पैसे माझे. रेमोंला मांडीवर घ्या आणि बसा निवांत." निवांत! बाईसाहेबांचं पोर अंगावर पीत होतं, तरी म्हणे निवांत. बाकड्यावरून दुसरी दाई सोआझिक म्हणते कशी, "राणीसरकार, पाय चेपून देऊ का?" जळू दे. तिच्या टोपीला माझ्यासारख्या लांब निळ्या फिती आहेत का?

९ मे

परत तीच खुर्ची. पाठ आखडली. उठले मात्र नाही.

२१ मे

घरात मांस आधी मला वाढतात, मग साहेबांना — दूध चांगलं यायला हवं ना! रेमों कसा गुटगुटीत झालाय, लोक वळून बघतात. माझी लेक लाझारीन तिकडं गावी सासूबाईंजवळ, बकरीच्या दुधावर. बरी आहे, असं दीर कळवतो. माझ्या पगारातून घरावरचं गवत उतरवून दगडी कौलं चढवली. गावात पहिली आमचीच.

२ जून

चित्र झालं. बाईसाहेब बघायला आल्या. मधोमध मी, मांडीवर त्यांचा रेमों, फितींवर ऊन. त्या स्वतः मागं झाडाखाली, छत्रीएवढ्या छोट्या.  बघून म्हणाल्या, "लोकांना वाटेल, आई हीच." गॅरिदेल म्हणाले, "अहो, फितींवरून कळतं दाई आहे ते." "मला नको हे चित्र." मी मान खाली घातली. पण इथं खोटं कशाला लिहू — छाती फुगली होती.

जाताना गॅरिदेलनी आधी काढलेलं छोटं चित्र माझ्या हातात ठेवलं. पेटीत तळाशी जपून ठेवलंय.

मोर्व्हां, १८ नोव्हेंबर १८८३

रेमोंचं अंगावरचं पिणं सुटलं, माझं कामही सुटलं. घरी आले. चित्र चुलीवरच्या भिंतीला लावलं, अख्खं गाव बघून गेलं. सासूबाई ज्याला त्याला सांगतात, "आमची सून, खुर्चीवर!" लाझारीन त्यांच्या झग्यामागं लपून बघते.

६ जानेवारी १८८४

लाझारीन अजून मला "बाई" म्हणते.

९ मार्च

आज आपणहून जवळ आली. चित्रातल्या बाळाकडं बोट केलं. "ही मी ना, आई?"

"हो," म्हटलं. "तूच."

आणि ती मांडीवर चढून बसली.