दोन पट्ट्यांमधला सूर

मुंबई, ता. १४ ऑगस्ट १९५६

खुशालच्या मायेस तिच्या मास्तराचा आशीर्वाद पोचावा.

मी बरा आहे. खोकला सांगण्यासारखा नाही. धानाचं रोवणं आटोपलं का? बांधीत पाणी आहे ना?

तुझा लेक हॉटेलात जाझ नावाचा गोंगाट वाजवतो. त्यात भर म्हणून क्लॅरिनेटच्या भोकांत मेण लावून सूर अर्धवट उतरवतो. असं आपले गुराखीही बासरीत करतात, पण त्यांना त्यासाठी मुंबई लागत नाही.

विचारलं तर म्हणतो, "बाबा, पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मंधात एक सूर रायते. माय रोवण्यात गाते ना, तो. मले तोच पायजे."

"पट्ट्यांच्या मंधात धूळ रायते, सूर नाई!" मी म्हणालो.

बँडमास्तरही चिडला. मेण काढ, नाहीतर नोकरी सोड, म्हणाला. मला बरंच वाटलं. रविवारी खुशालनं मेण खरवडून सरळ वाजवलं. साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मला आमचा चौथीचा वर्ग आठवला. तीस वर्षं मी पेटीवर कविता म्हणवून घेतल्या. कविता ओढ्याची असो की मेलेल्या आईची, पोरं एकाच चालीत पोपटासारखी म्हणायची. अगदी तसंच भिकार वाजवलं त्यानं. घरी येऊन मान खाली घालून जेवला.

काल मीच म्हटलं, "लाव गा ते मेण."

नोकरी जाणारच. आम्ही दोघं परत आलो, तर त्याला बोलू नकोस. मला बोल.

तुझा,
मुखरू मास्तर