मिस ओथेलाचे केस कोण करणार

मी, ओथेला मे पेटिग्रू, दिवंगत रूफस पेटिग्रू यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा केशभूषा, राहणार मॅकन, जॉर्जिया, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, बोटे तर नाहीतच, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाईंनी सांगितले आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याची कोणाची छातीच नाही.

यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. मागच्या महिन्यात केलेलेही. त्याचे कारण पुढे येईल.

कलम पहिले. राहते घर, आतल्या सामानासह, माझ्या भावाचा मुलगा क्विंटन यास द्यावे. मला मूलबाळ नाही, भाऊ गेला, बहीण गेली, उरला हाच. पोर वाईट नाही. फक्त तो कारकिर्दीवर भाषणे देतो. आपल्या काळ्या माणसांनी उभे केलेले धंदे, आपले चित्रकार, गाणारे, शिवणारे, सगळे इतकी वर्षे कसे टिकले, त्यातून तरुणांनी काय धडे घ्यावेत, हे तो गावोगावच्या सभागृहांत सांगत फिरतो. हरकत नाही. पण प्रत्येक वेळी मला मंचावर नेऊन बसवतो आणि माझ्या तोंडाशी माइक धरतो, हे मला मुळीच खपत नाही.

मागच्या फेब्रुवारीत शेवटचे गेले. क्विंटन म्हणाला, "आत्या, या मुलांना तुझ्या यशाचे तीन धडे सांग."

मी म्हटले, "सकाळी सातला दुकान उघडायचं."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा सातला उघडायचं."

लोक हसले. मी विनोद केला नव्हता. मग त्याने विचारले, "आत्या, तुझी ओळख काय? म्हणजे तुझा ब्रँड?" आता मी काय सांगू? माझी ओळख म्हणजे पाइन गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या बायका, ज्या रविवारी चर्चमध्ये मान ताठ ठेवून बसतात, कारण शनिवारी त्या माझ्या खुर्चीत मान खाली घालून बसलेल्या असतात. हे माइकवर सांगायचे असते का?

वकीलबाई म्हणतात की असले काही मृत्युपत्रात लिहिण्याची गरज नसते. गरज मला आहे. कागदाचे पैसे मीच देते.

कलम दुसरे. माझ्या चर्चच्या टोप्या, डब्यांसह, भजनमंडळाच्या बायकांनी आपसात वाटून घ्याव्यात. जांभळ्या टोपीवरून भांडणे होणार, ती मला आत्ताच ऐकू येत आहेत. जिच्या डोक्याला ती बसेल तिने ती घ्यावी. जिच्या डोक्याला बसत नाही आणि तरी हवी आहे, तिचे नाव मी लिहीत नाही. तिला कळले आहे.

कलम तिसरे. दुकानाची इमारत. ती माझी आहे, कर्जमुक्त आहे. धंदा सुरू केला तेव्हा बँकेने मला दारातूनच परतवून लावले होते. चर्चच्या बायकांची भिशी होती, माझा नंबर लागला तेव्हा बयाणा दिला, आणि पुढे शॅम्पूच्या बाटलीत पाणी घालून घालून हप्ते फेडले. रूफस म्हणायचा, "भाड्याने घे की, एवढा जीव कशाला काढतेस?" मग हायवे आला. मालकांनी जागा विकल्या आणि भाड्याची दुकाने होती ती वर्षभरात उठली. शिंपी गेला, मासे तळणारा गेला, फोटोवाला गेला. रूफस पुढे कधी भाड्याचे नाव काढीना. क्विंटनला धडाच हवा असेल तर हा घ्यावा. भिंत आपली असावी.

मागच्या मृत्युपत्रात मी ही इमारत क्विंटनला सरळ देऊन टाकली होती. तो आनंदाने येऊन मोजमापे घेऊन गेला. म्हणाला, "आत्या, तुझी खुर्ची इथे काचेत ठेवू. तुझे कंगवे तिथे भिंतीवर, खाली पाट्या. मुलं बघायला येतील."

"आणि केस कुठे करायचे?"

"कोणाचे केस?"

बघा आता. केशभूषेच्या दुकानात हा मला विचारतो, कोणाचे केस.

कलम चौथे. हे कलम वर्नेल थिगपेन हिच्याबद्दल आहे. तिसऱ्यांदा लिहीत आहे, म्हणून अक्षर बिघडले आहे.

वर्नेल माझ्याकडे पोरसवदा वयात आली. मी तिला कुरळे केस सरळ करणारा गरम कंगवा शिकवला. लोखंडी कंगवा शेगडीवर तापवायचा, आधी पांढऱ्या कागदावर टेकवायचा. कागद पिवळा पडला तर थांबायचे, पडला नाही तर मुळापासून अलगद ओढायचा. बाई "अगं आई" म्हणाली तर तुम्ही कामातून गेलात. वर्नेलच्या हाताखाली कोणी "अगं आई" म्हणाले नाही. दुसरी खुर्ची मी तिला दिली, आणि ती तिने बरीच वर्षे चांगली चालवली.

मग तिच्या डोक्यात वेण्या शिरल्या. बारीक बारीक वेण्या, मणी ओवलेल्या. म्हणाली, "मिस ओथेला, पोरींना आता हेच हवंय. आपल्याकडेही ठेवू या."

मी म्हटले, "वेण्या घराच्या ओट्यावर घालतात. त्यासाठी मी दुकान नाही काढलं."

तिने एप्रन काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला आणि गेली. गेली ती कुठे? रस्त्याच्या पलीकडे. माझ्या खिडकीच्या समोर! आणि माझ्या शनिवारच्या निम्म्या बायका तिच्या मागून गेल्या. तिच्या दारात वेण्यांसाठी पोरींची रांग लागते आणि मला ती रोज काचेतून बघावी लागते. ती रांग अजून आहे. मी चुकले असे यावरून कोणी समजू नये. तेव्हापासून गेल्या गुरुवारपर्यंत आम्ही बोललो नव्हतो. चर्चमध्ये ती डावीकडे बसते, मी उजवीकडे, आणि पाळकांना आमच्यामुळे दोन्हीकडे बघून प्रवचन द्यावे लागते.

आता माझी धाकटी बहीण लर्लीन गेली त्याविषयी. आमच्यात रीत अशी की बाई गेली तरी तिचे शेवटचे केस नेहमी तिचे डोके करणारी बाईच करते. अंत्यविधीच्या घरी, जिथे देह तयार करतात, तिथे जायचे, दार लावून घ्यायचे, आणि जिचे डोके इतकी वर्षे हाताखालून गेले तिला नीट करून पाठवायचे. शवपेटी उघडी असते, अख्खे चर्च रांगेने बघून जाते. मी कितीतरी जणींना असे पाठवले आहे. पण लर्लीनच्या वेळी माझ्या बोटांनी दगा दिला. कंगवा धरवेना. तिथल्या माणसाने स्वतःच्या मनाने तिचे केस विंचरले. भांग उजवीकडे! कपाळावरचा लहानपणीचा व्रण उघडा! मी त्याला असे काही बोलले की ते या कागदावर चालणार नाही. लर्लीन लर्लीन दिसतच नव्हती, आणि बघायला येणाऱ्यांच्या गाड्या दारात लागू लागल्या होत्या.

तेवढ्यात मागच्या दाराने वर्नेल आली. हातात पिशवी, पिशवीत शेगडी आणि कंगवा. तिला कोणी बोलावले होते? मी नाही. माझ्याकडे बघितलेही नाही. बाही वर केली, कागद काढला, कंगवा टेकवला. भांग डावीकडे घेतला, पुढची बट व्रणावर आणली, आणि लर्लीन परत आली. पिशवी उचलून बाई मागच्या दाराने चालती झाली. मला राग आला. रडूही आले, ते दोन्ही एकदमच आले आणि मला आवरेना.

म्हणून मागच्या मृत्युपत्रात मी हुकूम लिहिला होता की माझे शेवटचे केस वर्नेल थिगपेन हिने करावेत. वकीलबाई म्हणाल्या, "मिस पेटिग्रू, माणसाला हुकूम देता येत नाही. विचारावं लागतं."

"कोणाला, वर्नेलला?"

"हो, वर्नेलला."

आता मला सांगा, स्वतःच्या मरणासाठी समोरच्या दुकानात जायचे? पण दुसरे कोण आहे? गावात गरम कंगवा धरणारे हात उरलेत कुठे? एक माझे होते ते मोडले, दुसरे तिचे. मी न विचारता मेले तर तो उजव्या भांगाचा माणूस माझ्या डोक्यावर येणार. झोप उडाली माझी. गेल्या गुरुवारी कोट घातला आणि रस्ता ओलांडला.

मी दार ढकलले. मणी ओवणाऱ्या पोरींचे हात हवेत राहिले. वर्नेल म्हणाली, "मिस ओथेला, वाट चुकलात?"

मी म्हटले, "खुर्ची रिकामी आहे का?"

"आज नाही. तुमच्यासाठी आहे."

मी बसले. तिने माझी टोपी काढली, केसांत बोटे घातली आणि म्हणाली, "हे कोणी केलंय?"

"मीच. आरशात बघून."

"दिसतंच आहे."

या वयात असले ऐकून घ्यावे लागते. मी सरळ मुद्द्यावर आले. "वर्नेल, मी गेले की माझे केस तू करशील का?"

तिने शेगडी पेटवली. कंगवा ठेवला. मग म्हणाली, "करीन. ते विचारायला यायचीही गरज नव्हती. पण माझे कोण करणार, सांगा?"

"तुझ्या एवढ्या पोरी आहेत की."

"त्या वेण्या घालतात. कंगवा एकीलाही येत नाही. मी शिकवायला बघितलं, त्यांना भीती वाटते. तुम्हाला मी आहे, मिस ओथेला. मला कोण आहे?"

एवढे बोलून तिने माझा कान खाली दुमडून धरला आणि कंगवा ओढला. मी "अगं आई" म्हटले नाही. इतकी वर्षे मंचावर बसून मला विचारले जात आहे की धंदा टिकवायचा कसा, आणि ही बाई विचारते तेव्हा माझी दातखीळ बसते. दोघींनी मिळून अख्ख्या गावाचे केस केले आणि मागे ठेवले कोण? काचेत खुर्ची ठेवणारा क्विंटन.

घरी आले आणि मागचे मृत्युपत्र फाडले. वर्नेलला मी माफ केले असे यातून कोणी काढू नये. तिची रांग अजूनही माझ्या खिडकीसमोर लागते.

कलम पाचवे. सबब, इमारत, खुर्च्या, ड्रायर, शेगडी व सर्व कंगवे वर्नेल थिगपेन हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहतील. तिने तिथे वेण्या घालाव्यात की मणी ओवावेत, तिचा प्रश्न. खिडकीत पोरींची रांग लागली तरी मी बघायला नसेन. तिच्या पश्चात हे सर्व क्विंटनला मिळेल, पण एका अटीवर. वर्नेलचे शेवटचे केस त्याने स्वतःच्या हाताने केले पाहिजेत. ते बरे झाले की नाही हे भजनमंडळाच्या बायका पेटीपाशी उभ्या राहून ठरवतील, आणि त्यांचा निकाल अंतिम राहील. नाही जमले तर इमारत विकून पैसे चर्चला द्यावेत. काचेत काहीही ठेवू नये.

क्विंटनला हे काल फोनवर सांगितले. तो म्हणाला, "आत्या, माझं वय बेचाळीस आहे!"

"मग काय झालं?"

"मला हे हातांचं काही येत नाही. मी बोलतो. माझं काम बोलण्याचं आहे."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे, बाळा."

"आणि कुणाला भाजलं तर?"

हा प्रश्न मात्र बरोबर होता. वर्नेलही घाबरत घाबरतच शिकली होती. जिवंत बाईच्या डोक्यावर पहिला कंगवा ओढताना हात थरथरतो, आणि हात थरथरला की कान भाजतो. ती भीती घेऊन पोरी पळून जातात. म्हणून पुढचे कलम मी आज सकाळी घातले आहे. ते क्विंटनला अजून ठाऊक नाही.

कलम सहावे व शेवटचे. मी गेल्यावर वर्नेल माझे केस करायला येईल तेव्हा क्विंटनने तिच्याबरोबर आत जावे. दार लावून घ्यावे. भाषण करू नये. वर्नेल कागदावर कंगवा कसा टेकवते ते बघावे. पुढचे केस, भांग, कानावरची बट हे सारे तिने करायचे आहे, कारण ते लोकांना दिसते. मग तिने माझी मान उचलून धरावी आणि कंगवा क्विंटनच्या हातात द्यावा. मानेवरची शेवटची ओळ त्याने ओढायची आहे. ती उशीत जाते, कोणाला दिसत नाही. वाकडी झाली तरी चालेल. हात थरथरला तरी चालेल. क्विंटन, बाळा, घाबरू नकोस, सावकाश कर. मला भाजणार नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, आणि त्यात बदल करण्याची माझी इच्छा नाही. सही माझीच आहे, बोटांमुळे ती तशी दिसते.

ओथेला मे पेटिग्रू

आम्ही दोघांनी मिस पेटिग्रू यांना आमच्यासमोर सही करताना पाहिले, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्यासमोरच सह्या केल्या. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवले.

साक्षीदार:
१. डीकन एलायजा मॅकरे, चर्चचे पदाधिकारी
२. ग्लॅडिस पूल, शेजारीण

ठिकाण: मॅकन, जॉर्जिया
दिनांक: ११ मार्च २०१९, सोमवार, दुकान बंद