रोइंग मशीन आणि समोरची भिंत

वडूज, मंगळवार, संध्याकाळ

आज हरलोच होतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फौजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पळू नको, रोइंग मशीनवर पाय तयार कर. म्हणून साताऱ्याच्या एका बंद पडलेल्या जिममधलं मशीन आणून गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं. आता सुट्टी संपत आली. मेडिकलमध्ये पाय नापास झाला तर कायमचं घरी. मग मी कोण?

रोज वल्हं मारल्यासारखा दांडा ओढायचा, सीट मागं, सीट पुढं, समोर तीच भिंत. त्या भिंतीचा जीव नकोसा होईल इतका वैताग आलाय. आज गुडघ्यात कळ आली आणि मी दांडा सोडला. बायकोला, सुनीताला, ओरडून म्हणालो, "दे हे भंगारात!"

नंतर पाहतो तर सुनीता पदर खोचून मशीनवर, घामानं निथळलेली.

"हे काय गं?"

"आवं, तुमी रोज काय सोसता ते बघत हुते. लय अवघड हाय की वो."

मला रडूच फुटलं. ऑपरेशनच्या वेळीही रडलो नव्हतो.

ती उठून भिंतीला टेकून बसली. "आता माझ्याकडं बघून वढा," म्हणाली आणि तिच्या मामीच्या पळून जाऊन केलेल्या लग्नाची गोष्ट सांगू लागली. मी ओढत राहिलो. भीती तशीच आहे. गोष्टीतली मामी पळून जायला एसटीत बसली, तेवढ्यात सुनीता भाकरी टाकायला उठली.

"पुढं काय झालं?"

"उद्या मशीनवर बसलासा तर सांगीन."