दोन्ही अंगठे

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
शनिवार, ११ जानेवारी २०२५

प्रिय माऊली,

जय भीम. त्यावर तू नेहमीसारखं "रामकृष्णहरी, साहेब" म्हणालास असं धरून पुढं लिहितो.

इकडं सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीनं धरलाय, तरी मंगळवारी नामांतर दिनाला विद्यापीठ गेटवर जायचंच म्हणती. तू घेऊन चल, नाहीतर मी एकटी रिक्षानं जाते, अशी धमकी आहे. तुमच्याकडं तिळगुळाची गडबड असेल. पुण्याची नोकरी मानवली का? कंपनीची बस मामांच्या घराजवळनं मिळती का, का चालावं लागतं?

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद. याचाही फोटो काढायचा असेल तर काढ. हात चांगला आहे तुझा.

जाऊ दे. चिडून लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. खरं सांगतो, आता चिडायलाही जोर लागतो.

नंदिनीनं तो काळा ठोकळा माझ्या दोन्ही हातांत ठेवला आणि म्हणाली, "धर. रोज धरतोस तसाच." माझं सगळं त्या मिनिटाला बदललं. तुला हे माहीत आहे, तरी परत लिहितो, कारण त्या दुपारी तू घरी नव्हतासच असं तू काकांना सांगितलंस म्हणे. तर ऐक मग. तू नव्हतास त्या दुपारी काय झालं ते.

डिसेंबरातला रविवार. बजाजनगरला तुमची पुढची खोली. काका गंगापूरला शेतावर गेलेले. वाळूजच्या त्या साच्यांच्या टूलरूममध्ये लागून तुझ्या नंदिनीताईला सहा महिने झाले होते आणि पहिल्यांदाच एक आख्खा साचा तिच्या एकटीकडं दिला होता. काम कसलं, तर आपण दोन वर्षं ज्याच्यावर भांडलो त्याच नव्या गेमिंग मशीनच्या कव्हरचं! हातात धरून खेळा, नाहीतर टीव्हीला लावा, ते. कंपनीनं अजून चकार शब्द काढलेला नाही, जग अंदाज लावून दमलं, पण कव्हर बनवणाऱ्याला मापं आधी लागतात. ती मापं फिरत फिरत आपल्या वाळूजला आली होती. मापांवरनं त्यांनी प्लास्टिकची डमी केली होती. आत काही नाही, नुसता ठोकळा.

"हे घरी आणलेलं चालतं का?" मी विचारलं.

"नाय. म्हणून तर डब्याच्या पिशवीत आणलं. कॉम्प्युटरवर सगळं बरोबर दिसतंय, पण तिथल्या एकानंबी जन्मात गेम खेळलेला नाय. तू दिवसभर गेम पार्लरमध्ये हेच धरून बसतोस. मला फक्त एवढं सांग, कव्हर घातल्यावर कुठं टोचतं."

तू आतनं ओरडलास, "त्याला काय विचारती ताई, त्याला सगळंच टोचतं!"

(तू नव्हतास ना. मग कोण ओरडलं असेल?)

मी ठोकळा उलटा केला आणि माझं डोकंच फिरलं. बाजूचे कंट्रोलर बसायला खाच नाही, सपाट. "चुंबक! मी म्हणलो होतो चुंबक!" वरच्या कडेला आणखी एक पोर्ट. तू धावत आलास, "दाखव, दाखव," आणि आपण दोघं येड्यासारखे त्याच्यावर वाकलो. तू विचारलंस, "अन रॅम? बारा का आठ?" नंदिनी म्हणाली, "ठोकळ्यात रॅम दिसती का रे, बधिरा?" किती हसलो आपण. मग तू चहा टाकायला गेलास आणि मी डोळे मिटून ते मशीन धरलं, रोज धरतो तसं. डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी, कोपरा लागत होता. तिनं तिथं पेन्सिलनं खूण केली. थोडी डमीवर, थोडी माझ्या हातावर. म्हणाली, "इथं गोलाई वाढवते. थँक्यू. हे मला कुणीच सांगितलं नसतं."

माऊली, अर्धं कॉलेज करून सोडलेल्या माणसाला कुणी थँक्यू म्हणत नाही रे. ती खूण मी दोन दिवस धुतली नाही. हस. हसायचं तर हस.

त्याच आठवड्यात माझ्या हातातल्या त्या डमीचा फोटो इंटरनेटवर फुटला.

पुढचं तू वाचलंच असशील, माझ्याआधी. ब्राझीलच्या कुणीतरी माझ्या नखाची रुंदी धरून स्क्रीन मोजली. दुसरा म्हणाला, हा माणूस आशियातला दिसतो, नख लहान धरा, स्क्रीनही लहान निघेल. चार दिवस जग माझ्या अंगठ्यावर भांडत होतं. सोल्डरिंगच्या गनचा तो जुना चटका, त्याच्यावर तर फोरमवर कुणी वेगळाच धागा चालवला, हा फॅक्टरीतला कामगार असणार म्हणून. पार्लरला पोरं येऊन मलाच माझा हात दाखवायची. "सम्याभाई, ये देखो, असली है क्या?" मी म्हणायचो, "पता नय." हात खिशात घालून.

आणि डमीच्या कडेला ट्रायल नंबर खोदलेला होता. काम देणाऱ्या बाहेरच्या पार्टीनं तो ओळखला, पार्टीनं मालकाला धरलं, मालकानं नंदिनीला. तिनं रडत कबूल केलं की डमी घरी नेली होती. माणूस तसा बरा निघाला. म्हणाला, "घरी नेलीस ते पोटात घालतो. पण फोटो टाकणारा मला समोर पाहिजे. मला वर नाव द्यावं लागतं. सोळा तारखेच्या गुरुवारपर्यंत आण, नाहीतर तुझंच नाव देतो." तिचं नाव गेलं तर वाळूजच नाही, शेंद्र्यापर्यंत कुठली टूलरूम तिला दारात उभी करणार नाही. साचे काढण्याशिवाय तिला दुसरं काही करायचंही नाही.

काकांनी मला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा मला वाटलं होतं, चौघं बसून विचार करू, काय करायचं. पण काका, तुझे वडील, उभेच होते. फोटो माझ्या तोंडासमोर धरला.

"हा हात कुणाचाय?"

"माझा."

"घरात घेतला, ताट वाढलं, त्याची ही फेड? तुम्हा लो—" आणि थांबले.

थांबले ते त्यांनी बरं केलं. पण मला पुढचं ऐकू आलं. मी नंदिनीकडं बघितलं, ती फरशीकडं बघत होती. तुझ्याकडं बघितलं, तू फोनकडं. माझं डोकं माहीतच आहे तुला. मी ओरडलो, "हो! मीच टाकला! करा काय करायचं ते!" आणि दार असं आपटलं की खालच्या काकू बाहेर आल्या. कॉलेजात एचओडीच्या केबिनचं आपटलं होतं तसंच. त्या वेळी काच गेली आणि काचेबरोबर माझं थर्ड इयर.

विश्वास ठेवायला काकांना एक क्षण लागला नाही याचं मला जास्त लागलं.

आता नीट ऐक. तुझं आणि माझं दोन वर्षं दुसरं काय चाललं होतं? फुटलेले फोटोच वाचत होतो ना? सावली कुठं पडली, कॅमेरा कुठनं धरला, कडेला काय कापलं गेलं. तूच मला शिकवलंस की आधी मशीन बघायचं नाही, आधी फोटो कुणी काढला असेल ते बघायचं. मग हा फोटो तू नीट बघितला नाहीस का रे, टाकण्याआधी?

दोन्ही अंगठे फोटोत आहेत. डावाही आणि उजवाही. मग फोटो मी काढला कशानं, कपाळानं? उजव्या कडेला नंदिनीच्या ओढणीची किनार आहे, म्हणजे ती माझ्या शेजारी. कॅमेरा समोरनं आहे, थोडा वरनं. समोर तुमच्या स्वयंपाकघराचं दार आहे. त्या दारात चहा घेऊन कोण उभं होतं?

तू पैशासाठी केलं नाहीस, हे मला माहीत आहे. तो फोरमवरचा धागाही मी शोधून वाचला. कुणीतरी तुला खोटारडा म्हणालं, चुंबक म्हणे तुझ्या स्वप्नात आलं, आणि तुझ्याच्यानं राहवलं नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही कदाचित टाकला असता. तेवढ्यापुरतं मी तुला केव्हाच माफ केलं. पण पुढचे दिवस तू गप्प बसलास, ते माझ्याच्यानं गिळवत नाही.

इथंच पत्र संपवणार होतो. मघाशी उठून पाणी पिऊन आलो. एक गोष्ट राहिली, ती लिहायची नव्हती.

काल दुपारी नंदिनी पार्लरला आली होती. पहिल्यांदाच. पोरांच्या गोंगाटात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, चहा सांगितला तर नको म्हणाली. पिशवीतनं कव्हरचा नमुना काढून माझ्या हातात दिला.

"बघ. आता नाय टोचत."

नव्हतं टोचत. लई सुंदर झालंय रे कव्हर. हातात घेतल्यावर कळतच नाही की हातात काही आहे.

"गुरुवारी येशील ना, सम्यक? मालकासमोर फक्त एवढंच म्हणायचंय. बाबांसमोर म्हणलास तेच."

मी म्हणालो, "नंदिनी, फोटोत माझे दोन्ही अंगठे दिसतायत."

 मागं कुणीतरी गोल केला, पोरं ओरडली. मग ती म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच दिसलं."

अर्थात दिसलं. केसाएवढा फरक पकडणारी पोरगी ती. मला वाटत होतं, घाबरलीय, तिच्या लक्षात आलं नसेल, आलं की पहिल्यांदा माझ्याकडं येईल. रोज या आशेवर शटर उघडत होतो.

"माऊलीची नोकरी नवीन आहे रे," ती म्हणाली. "वर नाव गेलं तर त्याचं सगळं जाईल. बाबा खचतील. तुझं काय जातंय? तू तर कॉलेजबी सोडलंयस."

वाईट मनानं नाही म्हणाली. हिशोब केल्यासारखं म्हणाली, एका बाजूला हे, एका बाजूला ते. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "येतो." ती बोलत असताना मला नाही म्हणता येत नाही, हे तुलाही माहीत आहे आणि आता तिलाही.

रात्रभर तेच डोक्यात. माझं काय जातंय? डिग्री नाही, नोकरी म्हणावी अशी नोकरी नाही, तुमच्या घरात जावई म्हणून तर मी कधी शिरणारच नव्हतो, हे आपल्या तिघांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं, फक्त कुणी बोललं नाही. मग उरलं काय? या आठवड्यात कंपनी मशीन जाहीर करणार अशी हवा आहे. एकदा खरं मशीन आलं की त्या फोटोकडं कुत्रं बघणार नाही, बारा का आठ तेही मिटेल. पण "चोर तो, मुकुंदवाडीचा सम्यक," हे मिटणार नाही. माझी आई मंगळवारी गेटवर पांढरी साडी नेसून उभी राहणार आहे. तिला ओळखणारी शंभर माणसं तिथं येतात. जायचं ते हे जातंय, माऊली.

म्हणून मी शब्द फिरवतोय.

गुरुवारी सकाळी दहा वाजता मी टूलरूमच्या गेटवर असेन. तू आलास तर तूच आत जा, मी तुझ्याबरोबर चालेन. कुणाची नोकरी राहते, कुणाची जाते, ते तिघं मिळून बघू, मालकाच्या पायाही पडायचं तर तिघं पडू. तू नाही आलास तर मी एकटा आत जाईन. दोन्ही हात टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, अंगठे माझे आहेत, फोटो माझा नाही. तुझं नाव मला कुणी विचारलं तरी मी सांगणार नाही. त्यांना मोजता येतं, ते मोजतील.

हे तुझ्या ताईला माझ्या पाठीमागं कळू नये. फोनवरही नको. म्हणून पत्र स्पीड पोस्टाला टाकून तसाच बजाजनगरला जातोय, तिला तोंडावर सांगायला की मी खोटं बोलणार नाही. पुन्हा ती पार्लरला येणार नाही, हे धरूनच चाललोय. तिला पाहिलं की माझा धीर सुटतो, म्हणून आधी हे लिहून ठेवलं, म्हणजे मागं फिरता येऊ नये. कव्हरचा नमुना परत देतोय. तिचं काम आहे ते, आणि चांगलं आहे, हेही सांगेन.

मामांना नमस्कार. चहात साखर कमी घाल, त्या दिवशीचा फार गोड झाला होता.

आई आत झोपलीय, उठायच्या आत निघतो. चपला घातल्या. हे दार तर मी आजवर आपटतच आलोय. आज हातानं धरून, सावकाश लावून घेतो.

अजूनही तुझाच मित्र,
सम्यक