अकरा बाटल्या

चिंचपोकळी,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय गौतमदादा,

सप्रेम जय भीम.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तरी जिना उतरून बाजारात जाते. रविवारी तू का आला नाहीस, विचारत होती. कामात आहेस म्हटलं.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

दादरसमोरच्या पाण्याचं मॉडेल आपण दोघांनी उभं केलं. भरती-ओहोटी, तळाची खोली, सांडपाण्याची तोंडं, सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलं. पाणी उथळ, ओहोटीला घाण तिथेच रेंगाळते. नकाशात किनारा लालभडक आला. मग तू ओहोटीच्या पाण्याचे अकरा नमुने काढून टाकलेस आणि नकाशा हिरवा झाला. "क्लायंटला मुलांसाठी पोहायची जागा हवीय, दीपू. सरासरीत बसतंय," म्हणालास. सरासरीत कोण पोहतं रे? पोरं ओहोटीलाही पाण्यात उतरतात!

आणि नमुने का काढले? तर म्हणे होडीवाल्याने बाटल्या नीट धुतल्या नव्हत्या. भिवाकाकांनी! तेव्हापासून त्यांना सर्वेक्षणाला कुणी बोलवत नाही.

गेल्या आठवड्यात ते माझगावला भेटले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मॅडम, बाटल्या तर तुमच्याच हातात होत्या ना?"

होत्या. मीच धुतल्या, मीच भरल्या. काका नुसती होडी धरून होते. आणि अहवालातलं ते वाक्यही माझंच. तू म्हणालास, "काहीतरी कारण लिही," आणि मी लिहिलं. इतके दिवस तुझ्यावर चिडले, त्यातला निम्मा राग माझ्यावरच होता. पण निम्माच. बाकीचा तुझा आहे, तो मी सोडणार नाही.

शनिवारी काकांनाच घेऊन पुन्हा गेले. तीच ओहोटी, त्याच जागा, दुसरी लॅब. आकडे तेच. दोन ठिकाणी तर जास्तच.

मूळ फाइल, नवे आकडे आणि ते वाक्य कुणी लिहिलं, कुणी लिहायला लावलं, सगळं आज सकाळी मंजुरी समितीकडे दिलं. एक प्रत काकांना दिली. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं नाव शोधलं. ती ओळ तीनदा वाचली.

समितीने पुढच्या बुधवारी मला बोलावलंय. तुलाही बोलावतील. काका माझ्या शेजारी बसणार आहेत. तू कुठे बसायचं, ते ठरवून ये.

तरीही तुझीच,
दीपिका